अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय, आवडता विषय इतिहास: मग पदवीला काय घ्यावं?

तुमची मुलगी न्यू जर्सीत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला डॉक्टर व्हायचंय, पण मनापासून आवडतो तो इतिहास. इथे आधी कॉलेजची चार वर्षांची पदवी करायची आणि मग मेडिकल स्कूलला अर्ज करायचा. पुण्याचे नातेवाईक म्हणतात बायॉलॉजीच घे. इथल्या मित्रमंडळींचा आग्रह बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा, म्हणजे मेडिकलला नंबर नाही लागला तरी नोकरी मिळेल. यातलं काय निवडावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट आहे. तिला इतिहास घेऊ द्या, आणि मेडिकलसाठी लागणारे सायन्सचे कोर्स त्याच्या जोडीने नीट आखून करू द्या. इंजिनिअरिंग घ्यायचं तर तिला खरोखर इंजिनिअर व्हायला आवडणार असेल तरच.

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात प्री-मेडच्या, म्हणजे पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या, मुलांना सल्ला देण्याचं काम करते. पहिल्या भेटीत मी मुलांसमोर आठ चौकोनांचा कोरा कागद ठेवते, चार वर्षांच्या आठ सेमिस्टरचा. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणतं ते तेव्हा विचारतच नाही. आधी मेडिकलचे कोर्स भरतो: बायॉलॉजी एक वर्ष, जनरल केमिस्ट्री एक वर्ष, मग ऑर्गॅनिक केमिस्ट्री, मग फिजिक्स, सगळे लॅबसकट. त्यानंतर बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि लेखनाचे एक-दोन कोर्स. कॉलेजागणिक थोडा फरक पडतो, पण एकूण साधारण पन्नास क्रेडिट (कोर्स मोजायचं एकक) होतात. पदवी असते १२० क्रेडिटची. इतिहासाच्या मेजरला छत्तीसच्या आसपास लागतात. म्हणजे दोन्ही करून जागा उरते. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑर्गॅनिक घेता येत नाही आणि ऑर्गॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री, त्यामुळे केमिस्ट्री पहिल्याच सेमिस्टरला सुरू झाली पाहिजे. इतिहासवाल्या मुलांचं गणित फसतं ते इथे. दुसऱ्या वर्षी जाग आली की सगळी साखळी एक वर्ष पुढे ढकलली जाते.

बायॉलॉजी घेतल्याचा फायदा एवढाच की यातले बरेच कोर्स मेजरमध्येच मोजले जातात. तो सोयीचा भाग झाला, प्रवेशाला त्याचं जादा वजन नाही. दरवर्षी अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं जीवशास्त्राच्या शाखांतलीच असतात, आणि ह्युमॅनिटीजची (इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांची) मुलं संख्येने थोडी असली तरी त्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण कमी नसतं. तिला पेशी आणि जनुकं वाचायला आवडत असती तर मी डोळे झाकून बायॉलॉजी म्हटलं असतं.

इंजिनिअरिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांतून हाच सल्ला सगळ्यात जास्त ऐकू येतो. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा चार वर्षांचा आराखडा आधीच गच्च असतो. त्यात ऑर्गॅनिकचं दुसरं सेमिस्टर किंवा बायोकेमिस्ट्री बहुतेक वेळा बसवलेलं नसतं, ते वरून करावं लागतं. परिणाम मला ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, दिसतो. हुशार मुलगा, पहिल्या वर्षी सगळे ए. तिसऱ्या सेमिस्टरला ऑर्गॅनिक, डिफरन्शियल इक्वेशन्स, सर्किट्स आणि दोन लॅब एकदम, आणि त्या एका ओळीत सी प्लस, बी मायनस, बी. मेडिकलच्या अर्जात एकूण जीपीएशिवाय (जीपीए म्हणजे चारपैकी काढलेली ग्रेडची सरासरी) बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतात. कोर्स पुन्हा करून ए मिळवला तरी आधीचा सी त्यात धरलाच जातो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७च्या वर आहे, आणि अवघड मेजर होतं म्हणून गुण वाढवून देणारी कुठली पद्धत नाही. एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा परत देता येते, जीपीए परत मिळवता येत नाही. ज्या मुलाला इंजिनिअरिंगच आवडतं तो हे ओझं आनंदाने पेलतो आणि उत्तम डॉक्टरही होतो. निव्वळ पर्याय हाताशी असावा म्हणून घेतलेलं इंजिनिअरिंग मात्र मूळ इच्छेच्याच आड येतं.

तुमची काळजी चुकीची आहे असं मी अजिबात म्हणत नाही. २०२३ मध्ये एम.डी.साठी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) साधारण ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि साधारण २३ हजारांना प्रवेश मिळाला. निम्म्याहून जास्त जणांना त्या वर्षी एम.डी.ला जागा मिळाली नाही. म्हणून मुलीला हे जरूर विचारा: डॉक्टर झाली नाहीस तर काय करायला आवडेल? तिचं उत्तर कायदा, शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, पत्रकारिता असं काही आलं तर इतिहासाची पदवी त्या वाटेवर उपयोगीच आहे. नुसत्या बायॉलॉजीच्या पदवीवरही नोकऱ्या काही फार चांगल्या मिळत नाहीत, हे नातेवाइकांना सांगायला हरकत नाही.

इतिहासाचा थेट उपयोगही आहे. एमकॅटच्या चार भागांपैकी एक केवळ वाचनाचा आणि तर्काचा असतो: ९० मिनिटांत नऊ उतारे आणि ५३ प्रश्न. उतारे कलेवर, तत्त्वज्ञानावर, समाजावर, सायन्सचा एक शब्द नाही. सायन्समध्ये पैकीच्या पैकी मिळवणारी आपली कितीतरी मुलं इथे अडकतात, कारण लेखक नेमकं काय म्हणतोय आणि कशाच्या आधारावर, हे शोधायची सवय दोन महिन्यांच्या क्लासने लागत नाही. इतिहासाचा विद्यार्थी चार वर्षं तेच करत असतो.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय मेडिकल स्कूलने तर १९८७ पासून ह्युमॅनिटीजच्या काही मुलांना एमकॅटशिवाय घ्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये त्यांनी त्या मुलांची वर्गातल्या इतरांशी तुलना प्रसिद्ध केली. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत गुण थोडे कमी होते, एकूण कामगिरी बरोबरीची होती. पण हा अपवादात्मक कार्यक्रम आहे. त्यावरून सायन्स टाळता येईल असा अर्थ तिने काढू नये. इतिहासाच्या मुलीचे केमिस्ट्रीचे ग्रेड प्रवेश समिती जास्तच बारकाईने बघते.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या, तेव्हा आधी पदवी लागतच नव्हती. १८९३ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सने ती अट घातली, आणि मेडिकल शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालाने हॉपकिन्सलाच आदर्श मानल्यावर आधी कॉलेज, मग मेडिकल ही रीत देशभर रुजली. तेव्हाही भर सायन्सचा पाया पक्का असण्यावर होता, आणि आजही मेडिकल स्कूल पाहतात ते कोर्स. पुण्याच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर बारावी, नीट आणि लगेच एमबीबीएस असा रस्ता आहे, म्हणून त्यांना इतिहास म्हणजे वाट सोडणं वाटतं. त्यांना हे समजावून सांगा.

पैशांचाही विचार आत्ताच करा. १ जुलै २०२६ पासून नव्या मेडिकल विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच मिळणार आहे, आणि बऱ्याच खासगी मेडिकल कॉलेजांचा खर्च याहून बराच जास्त आहे. पदवीसाठी रटगर्ससारखं तुमच्याच राज्यातलं विद्यापीठ घेऊन कर्ज टाळता आलं, तर मी नावाजलेल्या महाग कॉलेजपेक्षा तेच निवडीन.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि ती मेजरपेक्षा मोठी आहे: मुलीचं इमिग्रेशन स्टेटस काय? ती एच-४ वर (एच-१बी नोकरी व्हिसावाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल तर २१व्या वर्षी ते संपतं, आणि कितीतरी मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही चार वर्षांची फी आधीच भरून ठेवायला सांगतात. सरकारी कर्जही मिळत नाही. तसं असेल तर कॉलेज ठरवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, आणि असे अर्ज स्वीकारणाऱ्या मेडिकल स्कूलांची यादी आजच काढायला घ्या. स्टेटस काय आहे ते इथे खाली लिहिलंत तर पुढचं मी त्या हिशोबाने सांगेन.