ऑल्टरनेट हिस्ट्रीवाल्यांना रोमचा उतरता काळच का आवडतो?

प्रश्न वाचला. (ऑल्टरनेट हिस्ट्री म्हणजे "तेव्हा असं घडलं असतं तर?" वाल्या कथा.) सीझर-ऑगस्टसचा भरभराटीचा रोम सोडून लोक साधारण इ.स. ३०० ते ६५० च्या, म्हणजे लेट अँटिक्विटीच्या मागे का लागतात? मी पण त्यातलाच एक, त्यामुळे उत्तर थोडं एकतर्फी असणार, आधीच सांगतो.

विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, यावर आपल्याकडे पंगत उठेपर्यंत वाद घालणारे लोक आहेत. त्यात मजा काय, तर दुपारपर्यंत पारडं कुठेही झुकू शकत होतं. लेट अँटिक्विटीत अशी पानिपतं दर वीस-पंचवीस वर्षांनी सापडतात. सीझरला कोणी वाचवलं तरी रोम रोमच राहणार हो, पण इथे युरोपचा धर्म कोणता, सिरिया-इजिप्तमधे भाषा कोणती, इराण कोणाचं, हे सगळं अजून ठरायचंय.

शाळेत आपण १४५३ पाठ केलं, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची राजधानी, घेतलं म्हणून. पण ४७६ ला पश्चिमेकडचं रोम "पडलं" तर मग ही पूर्वेकडची मंडळी हजार वर्षं स्वतःला रोमनच म्हणवत काय करत होती, हे कोणी सांगितलंच नाही. मला या काळाची गोडी तिथूनच लागली.

सगळ्यांचा लाडका सीन म्हणजे ३६३ मधला ज्युलियन. ख्रिश्चन झालेल्या साम्राज्याला परत जुन्या देवांकडे न्यायला निघालेला बादशहा, इराणवरच्या मोहिमेत गडबडीत चिलखत न घालताच लढाईत घुसला, भाला लागला, गेला. मला हा ओव्हररेटेड वाटतो. गडी जगला असता तरी त्याचा तो कडक, उपासतापासवाला जुना धर्म जुन्या देवांच्या भक्तांनाच फारसा झेपत नव्हता. त्यापेक्षा ४६८ बघा. उत्तर आफ्रिका व्हँडल नावाच्या जर्मन टोळीकडून परत घ्यायला प्रचंड आरमार निघालं, सेनापती कोण तर पूर्वेचा बादशहा लिओ याचा मेहुणा बॅसिलिस्कस, त्याच्याकडे व्हँडल राजा गायसेरिकने पाच दिवसांची मुदत मागितली आणि याने दिली! तेवढ्यात वारा फिरला, गायसेरिकने पेटती जहाजं सोडली, आरमार खलास आणि खजिना रिकामा. आठ वर्षांत पश्चिमेची बादशाहीच संपली.

पण माझा फेव्हरिट म्हणाल तर ६०२. बादशहा मॉरिस तसा हुशार, ५९१ मधे इराणच्या खुस्रो दुसऱ्याला त्याची गेलेली गादी परत मिळवून दिली आणि पूर्वेची कटकट मिटवली. फक्त माणूस पैशाच्या बाबतीत चिक्कू. हिवाळ्यात सैन्याने परत यायचं नाही, डॅन्यूब नदीच्या पलीकडे शत्रूच्या मुलखातच राहायचं आणि तिथलंच लुटून खायचं, असा हुकूम काढला, कशाला तर खर्च वाचतो म्हणून. सैनिक भडकले, फोकस नावाच्या एका खालच्या अधिकाऱ्याला पुढे केलं, राजधानी घेतली, मॉरिसच्या डोळ्यांसमोर त्याची पाच मुलं मारली आणि मग त्याला. खुस्रोला आयतं निमित्त मिळालं, माझ्या उपकारकर्त्याचा सूड घेतो म्हणून जो निघाला तो ६२८ पर्यंत युद्ध. ६१४ ला जेरुसलेम गेलं, मग इजिप्त गेलं, ६२६ ला कॉन्स्टँटिनोपलच्या तटाशी अवार नावाचे भटके टोळीवाले आणि समोरच्या किनाऱ्यावर इराणी. शेवटी नंतरचा रोमन बादशहा हेराक्लियस याने बाजी पलटवली खरी, पण तोवर दोघंही पिळून निघालेले, आणि आठच वर्षांत, ६३६ ला, यर्मूक नदीकाठी अरब फौजांनी रोमनांना असं हरवलं की सिरिया कायमचा गेला. इराणचं तर राज्यच बुडालं, शेवटचा शहा यज्दगर्द ६५१ ला मर्वजवळ मारला गेला.

आता मॉरिसने तो हिवाळ्याचा खर्च केला असता तर?

एक मात्र आहे, या काळावर लिहिणारे बरेचजण प्लेगला गुपचूप बगल देतात. ५४१ ला इजिप्तमधून सुरू झालेली साथ पुढच्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा आली, बादशहा बदलला म्हणून उंदीर-पिसवा काही ऐकत नाहीत. माणसंच कमी पडल्यावर कर कोण भरणार आणि फौजेत कोण जाणार. ज्या कथेत ही साथ नाही ती मी पहिल्या दहा पानांत बंद करतो.

आणि हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर बघा, सासानी घराण्याचं हे इराण टिकलं असतं तर अग्निपूजक लोकांना घरदार सोडून गुजरातमधल्या संजाणच्या किनाऱ्यावर यायची गरजच पडली नसती. म्हणजे दादाभाई नौरोजी नाहीत, जमशेटजी टाटा नाहीत, दादरची पारशी कॉलनी नाही, धानसाक पण नाही. मी याच्यावर एक कथा सुरू केलीय, दोन वर्षं झाली, मुंबईपर्यंत पोचलोच नाहीये, अजून डॅन्यूबच्या थंडीतच अडकलोय.