नर की मादी, ते आधी बघ

अरे, ‘टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी) किती वर्षं जगेल?’ याचं उत्तर तो नर आहे की मादी, यावर आहे. मेक्सिकन रेड नी या टॅरंटुलाच्या जातीची मादी नीट सांभाळली तर २० वर्षांहून जास्त जगते. नर मात्र शेवटची कात टाकून वयात आला की बहुधा वर्ष-दीड वर्षातच जातो. पुढच्या पायांवर बाकदार हुकांसारखे आकडे आणि तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं फुगलेली दिसली, की समज, नर वयात आला. माझा पहिला असाच गेला. दांडिया बाजारच्या घरी मी किती दिवस स्वतःलाच दोष देत होतो!

कात टाकताना ती उताणी पडते. मेली समजून हात लावू नकोस. उरलेला रातकिडा आधी काढ, तो मऊ अंगाला चावतो. पुढे आठ-दहा दिवस खाणं नको, पाणी मात्र कायम. बडोद्याच्या मे महिन्यात डबा गच्चीखालच्या खोलीत ठेवू नकोस, तळमजल्यावर आण. हातावरही घेऊ नकोस. उंचावरून पडली तर पोट फुटतं.

ही जात साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. आपल्या वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते, कागदांशिवाय घेऊ नकोस. आणि पुढे शिक्षणाला बाहेर गेलास तर तिला कोण बघणार, ते आईला आजच विचार.