एमबीबीएसनंतर अपस्माराच्या मेंदू-इमेजिंगमध्ये जायचंय, रस्ता कोणता?

रस्ते दोन. एमडी मेडिसिन किंवा पेडियाट्रिक्स करून डीएम न्यूरॉलॉजी (मेंदू-मज्जासंस्थेची सुपरस्पेशालिटी), मग एपिलेप्सीची, म्हणजे अपस्माराची, फेलोशिप. नाहीतर एमडी रेडिओलॉजी करून न्यूरोइमेजिंग. पेशंटशी बोलायला आवडत असेल तर पहिलाच घ्या, कारण फिट कशी सुरू झाली, आधी डोळे वळले की हात, हे घरच्यांकडून काढून घेतल्याशिवाय नुसत्या फिल्मवर फारसं भागत नाही. एमबीबीएसची साडेपाच, मग तीन अधिक तीन. वर्षं जातात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

कामाची खरी मजा औषधांना न जुमानणाऱ्या पेशंटमध्ये आहे. फिट नेमकी कुठून उठते ते कवटी न उघडता शोधायचं. व्हिडिओ-ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरी आणि पेशंटचं चित्रण एकत्र), अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेला एमआरआय, पेट स्कॅन (मेंदू साखर कुठे किती वापरतो ते दाखवणारा), आणि फिट सुरू होताच किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देऊन काढायचा स्पेक्ट (रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन). त्यात काही सेकंदांचा उशीरही नडतो, म्हणून नर्स सिरिंज भरून खाटेशेजारी बसलेली असते. शिवाय एमईजी (मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी) नावाचं यंत्र मेंदूची चुंबकीय क्षेत्रं टिपतं. ती इतकी क्षीण की यंत्र खास कवच असलेल्या खोलीत ठेवावं लागतं. दातातलं धातूचं फिलिंगसुद्धा घोळ घालतं.

भारतात एमईजी मोजक्याच ठिकाणी. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत आहे. एपिलेप्सी सर्जरीची टीम जवळून बघायची तर तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा वैद्यकीय संस्था. इंटर्नशिपमध्येच तिथे ऑब्झर्व्हरशिप (नुसतं बघून शिकण्याची संधी) मिळते का, ईमेल टाकून विचारा.