ईजी पत्रा की जीआय पत्रा? कस्टम्सचं साडेनऊ लाखांचं पत्र

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भोसरीत इलेक्ट्रिकल पॅनलचे डबे बनवायचं तुमचं वर्कशॉप, जून ते सप्टेंबर २०२५ मध्ये चीनहून न्हावा शेवाला २५-२५ टनांचे चार कंटेनर आले, भाव टनाला ७८० डॉलर सीआयएफ (भाडं-विम्यासकट), बिल ऑफ एन्ट्रीत (आयातीच्या कस्टम्स फॉर्मवर) कोड ७२१०३० म्हणजे इलेक्ट्रोगॅल्व्हनाइज्ड, ईजी, करंट देऊन झिंक चढवलेला पत्रा. चौथ्या कंटेनरचं सॅम्पल घेतलं, माल बाँडवर प्रोव्हिजनल (तात्पुरत्या असेसमेंटवर) सोडला, आणि आता पत्र आलंय की हा सगळा माल ७२१०४९ मधला जीआय, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेला आहे, चारही कंटेनरवर १२ टक्के सेफगार्ड (देशी उद्योगाला वाचवायला लावलेली जादा ड्युटी) आणि त्यावरचा आयजीएसटी मिळून साधारण साडेनऊ लाख भरा. सीएचए (कस्टम्स एजंट) म्हणतो भरून टाका, किंवा "चुकून कोड पडला" असं लेटर द्या. काय करू?

लेटर देऊ नका. का ते सांगते.

बेसिक ड्युटी दोन्ही कोडला सारखीच आहे, त्यामुळे भांडण कोडचं वाटत असलं तरी खरं भांडण सेफगार्डचं आहे. २१ एप्रिल २०२५ पासून २०० दिवसांसाठी स्टीलच्या फ्लॅट मालावर १२ टक्के प्रोव्हिजनल सेफगार्ड लागली, त्यात झिंक चढवलेला पत्रा आहे, पण स्टेनलेस, टिनप्लेट आणि इलेक्ट्रोगॅल्व्हनाइज्ड बाहेर ठेवलेत. कोटेड मालाला टनाला ८६१ डॉलर किंवा वर भाव असेल तर ड्युटी नव्हती, पण तुमचा ७८० आहे, आणि काही देशांना दिलेली सूट चीनच्या मालाला नव्हती, म्हणजे दोन्ही दारं बंद. उरला एकच प्रश्न, झिंक करंट देऊन चढवलं की वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून.

आता मिल टेस्ट सर्टिफिकेट काढा, चारही कंटेनरची, आणि ग्रेडचा रकाना बघा. एसईसीसी, एसईसीडी लिहिलं असेल किंवा कोटिंग झेडई२५/२५ असं असेल तर तो ईजी, झेडई२५/२५ म्हणजे एका बाजूला जेमतेम अडीच मायक्रॉन झिंक. एसजीसीसी किंवा डीएक्स५१डी प्लस झेड लिहिलं असेल तर तो बुडवलेला माल, मग इनव्हॉइसवर सप्लायरने काहीही छापलेलं असू दे. तुम्ही लिहिलंय की इनव्हॉइसवर एसईसीसी आहे आणि एका सर्टिफिकेटवर कोटिंग २०/२० ग्रॅम दिसतं. हे तुमच्या बाजूचं आहे, कारण हॉट डिपच्या मालावर सहसा दोन्ही बाजू मिळून ८०, १२०, २७५ ग्रॅम असे आकडे असतात. पण बाकीची तीन सर्टिफिकेटं तुम्ही बघितलीच नाहीत असं वाटतंय, आणि मार्केटमध्ये सगळ्यालाच जीआय म्हणायची सवय असल्याने मेलमध्ये, पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) कुणी "जीआय शीट" लिहिलंय का तेही शोधा, कारण समोरचा ते शोधणारच.

दुसरं म्हणजे लॅब रिपोर्ट. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एवढंच आहे की "झिंकचा लेप असलेला नॉन-अलॉय स्टीलचा पत्रा". अहो, ते तर तुम्हीही म्हणताय! लेप कसा चढवला यावर रिपोर्ट गप्प आहे. एचएसएनच्या, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीच्या, एक्सप्लनेटरी नोट्समध्ये ओळखायची पद्धत दिलीय: आधी स्पँगल बघायचे, म्हणजे जुन्या पत्र्याच्या बादलीवर ती फुलाफुलांची नक्षी असते ना, ती, डोळ्याला नाही दिसली तर मायक्रोस्कोपखाली, आणि तिथेही नसेल तर लेपाची केमिकल तपासणी, लेपात अ‍ॅल्युमिनियम सापडलं तर माल बुडवलेला. यातलं काहीच झालेलं नाही. म्हणून रिटेस्ट मागा आणि नेमकं हेच तपासा असं लेखी मागा. रिटेस्टची विनंती साधारण १० दिवसांत करायची असते, तेव्हा हे उद्याच करा. क्लासिफिकेशन बदलायचं तर ते सिद्ध करायची जबाबदारी खात्यावर असते, सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या गरवारे नायलॉन्स केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

आणि एका कंटेनरचं सॅम्पल आधीच्या तीन कंटेनरना कसं लावणार? वेगळ्या तारखा, वेगळे हीट नंबर (मिलमधल्या स्टीलच्या घाण्याचे नंबर). तिन्हीमधले उरलेले तुकडे वर्कशॉपमध्ये असतील तर हीट नंबरसकट बाजूला ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

चौथा कंटेनर तर या पत्रात असायलाच नको होता, तो कस्टम्स कायद्याच्या कलम १८ खाली प्रोव्हिजनल आहे, आधी फायनल असेसमेंट होऊ दे, नंतर मागणी. उत्तरात हे लिहा.

आता सीएचएच्या लेटरबद्दल. तुम्हाला आलेलं पत्र म्हणजे नोटीस नाही, नोटिशीच्या आधीचं कन्सल्टेशन आहे, उत्तराला १५ दिवस. असं कन्सल्टेशन कलम २८(१) च्या केसमध्येच होतं, याचा अर्थ माहिती लपवली असा आरोप सध्या तरी नाही, त्यामुळे खात्याला मागणी करायची मुदत २ वर्षांची. आरोप आला की मुदत ५ वर्षं होते आणि ११४ए खाली ड्युटीएवढाच दंड. "चुकून कोड पडला" हे तुमच्याच लेटरहेडवर लिहून दिलंत तर केसमधला वादच संपला, आणि चूक की मुद्दाम एवढंच ठरवायचं राहिलं.

तसंच गप्प बसून पैसे भरून नंतर रिफंड मागू असंही नको. २०१९ च्या आयटीसी केसपासून असेसमेंट बदलून घेतल्याशिवाय रिफंड मिळत नाही. भरायचेच असतील तर अंडर प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत नोंदवून, आणि लेखी ऑर्डर मागा, अपील ऑर्डरवरच होतं, ६० दिवसांत, साडेसात टक्के प्रीडिपॉझिट भरून.

पण एखाद्या सर्टिफिकेटवर एसजीसीसी निघालं तर माझा सल्ला उलटा. त्या कंटेनरपुरतं लढू नका, नोटीस यायच्या आधी कलम २८(२) खाली ड्युटी आणि वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज भरा, दंड लागत नाही. साडेनऊतले दीड लाखाच्या आसपास आयजीएसटीचे आहेत, त्याचं क्रेडिट मिळतं, सेफगार्डचे आठ लाख मात्र खिशातून जातात, हिशोब त्यावर करा.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढचा माल बोरॉन घालून ७२२५ मध्ये आणू का. चिनी मिलांचा जुना खेळ आहे हा, ०.०००८ टक्के बोरॉन असलं की कागदावर अलॉय स्टील होतं. पण ही सेफगार्ड अलॉयवरही आहे आणि ७२२५ मध्येही करंटने की बुडवून हाच भेद आहे, तेव्हा काही फायदा नाही. अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे कोड कुठला ते आधीच ठरवून घेणं, मुंबईत मिळतं, पण हाच प्रश्न अधिकाऱ्यापुढे पेंडिंग असताना तिथे अर्ज चालत नाही, आधी हे मिटू द्या. तोवर पुढच्या पीओवर "शीट" एवढंच न लिहिता ग्रेड, कोटिंग ग्रॅममध्ये आणि प्रोसेस लिहा, आणि सर्टिफिकेट बघितल्याशिवाय कंटेनर लोड करू देऊ नका.