युगांडाच्या प्रवासापूर्वी पीतज्वराची लस आणि मलेरियाची गोळी

प्रश्न : आमची मुलगी व जावई युगांडातील कंपाला येथे राहतात. आम्ही दोघे दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. माझे वय ६४ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. पत्नी ५९ वर्षांची आहे. या वयात पीतज्वराची लस घ्यावी का? मलेरियाचे डास वडोदऱ्यातही आहेत, मग त्यासाठी गोळ्या कशाला, असे शेजारी म्हणतात.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि परतताना ते भारतातही दाखवावे लागते, नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. आपल्याकडे पीतज्वर नाही, परंतु तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, घरोघरी असल्यामुळे ही सक्ती मला योग्य वाटते. लस अधिकृत केंद्रांवरच मिळते व प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते. २०१६ पासून एकच मात्रा आयुष्यभर चालते.

ही लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची असल्याने साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामाची शक्यता, ती मुळात अत्यल्प असली तरी, थोडी वाढते. रक्तदाबाची अडचण नाही. मात्र अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असल्यास ते केंद्रावरील डॉक्टरांना आधीच सांगावे.

शेजाऱ्यांचे म्हणणे मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि मला अधिक काळजी याच मुद्द्याची वाटते. मलेरियाविरुद्ध अंशतः प्रतिकारशक्ती येते ती वर्षानुवर्षे वारंवार लागण झालेल्यांना, आणि तो प्रदेश सोडल्यावर तीही ओसरते. वडोदऱ्यात आयुष्य गेले म्हणून ती आपल्याला लाभत नाही. शिवाय युगांडात प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा मलेरिया आढळतो, जो उपचारास उशीर झाल्यास मेंदूपर्यंत पोहोचून काही दिवसांत प्राणावर बेतू शकतो, आणि आपल्या परिचयाची क्लोरोक्विनची गोळी तेथे भरवशाची नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना चालू औषधे दाखवून त्यांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी. ती डॉक्सिसायक्लिन असेल, तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी. अनेक जण घरी पोहोचताच ती थांबवतात. परंतु यकृतात दडलेले जंतू त्यानंतरही रक्तात उतरत असतात, आणि ही गोळी मुख्यतः रक्तातल्या जंतूंवरच काम करते.

गोळ्या घेऊनही सायंकाळपासून अंगभर कपडे व रात्री मच्छरदाणी हवीच. परतल्यानंतर तीन महिन्यांत ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण युगांडाहून आलो आहोत, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे.