‘धातूची भेसळ’ की धातूची भर?

प्रश्न असा आलाय: कमी प्रदूषण करणाऱ्या घन रॉकेट-इंधनांवरच्या लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात ‘मेटल ॲडिटिव्ह’ला काय म्हणावं? सध्या ‘धातूची भेसळ’ लिहिलंय, पण खटकतंय.

खटकणारच. भेसळ दुधात पाण्याची, तिखटात विटेच्या भुकटीची. ती लपूनछपून होते आणि मालाची प्रत उतरवते. इथे धातू मोजूनमापून घालतात, जोर वाढावा म्हणून. मी ‘धातूची भर’ म्हणेन. नाहीतर सरळ ‘धातूची भुकटी’.

पण एका शब्दावर अख्खा लेख निभणार नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरमधला (उड्डाणाला जोर देणाऱ्या घन-इंधन रॉकेटमधला) मसाला बघा: अमोनियम परक्लोरेट (जळायला लागणारा ऑक्सिजन हेच पुरवतं) सुमारे ७० टक्के, ॲल्युमिनियमची भुकटी १६ टक्के, आयर्न ऑक्साइड जेमतेम ०.४ टक्के आणि बाकी मुख्यतः हे सगळं धरून ठेवणारं रबरासारखं द्रव्य. ॲल्युमिनियम स्वतः जळून उष्णता देतं, म्हणून ते इंधन. आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजाचाच भाऊ. ते काय जळणार? ते जळण्याचा वेग वाढवतं, म्हणून उत्प्रेरक. तुमच्या मसुद्यात दोघांनाही ‘उत्प्रेरक’ केलंय, ते आधी बदला.

आता खरी गंमत. ‘ॲल्युमिनियमचे ज्वलन कठीण असते’ असं वाक्य तुम्ही लिहिलंय. मराठीत पेटणं वेगळं आणि जळणं वेगळं. ओलं लाकूड चुलीत पेटत नाही, नुसतं धुमसतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. (‘इंधन’ शब्दातला ‘इन्ध्’ हा संस्कृत क्रियाधातूही पेटवण्याचाच; ‘समिधा’ त्याच्याच नात्यातली.) ॲल्युमिनियम पेटायला अवघड, एकदा पेटलं की जबर जळतं. त्याच्या कणावर ऑक्साइडचं कवच असतं. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, कवच मात्र दोन हजार अंश ओलांडल्यावर.

परक्लोरेट जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, पाण्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं. ते टाळायला अमोनियम नायट्रेट वापरायचं, तर त्याची ज्योत तुलनेने मवाळ. मग ॲल्युमिनियमचे कण पेटण्याऐवजी जळत्या पृष्ठभागावर वितळून एकमेकांना चिकटतात. शास्त्रज्ञ याला ‘ॲग्लोमरेशन’ म्हणतात, मी ‘गुठळ्या होणे’ लिहीन. पिठल्यात पीठ एकदम ओतलं की जे होतं, तेच. मोठी गुठळी पुरती जळत नाही. धातू घातला तेवढा पदरात पडत नाही.

त्यावर उपाय मॅग्नेशियमचा. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याची फीत ज्योतीत धरली की चटकन पेटायची आणि डोळे दिपायचे, आठवतंय? पण वजनामागे उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा कमी देतं. म्हणून दोन्ही वितळवून एकजीव केलेलं ‘मॅग्नेलियम’ वापरून बघतात. ‘मिश्रधातू’ हा शब्द या एकाच जागी बरोबर बसतो. तुम्ही तो नेमका इथे टाळून बाकी सगळीकडे घातलाय.

तेव्हा ते वाक्य असं करा: ‘नायट्रेटच्या मवाळ ज्योतीत ॲल्युमिनियम उशिरा पेटते आणि त्याच्या गुठळ्या होतात, मॅग्नेशियमची भर घातली की मिश्रण लवकर पेट घेते.’ मसुद्यातल्या ‘हरित’ऐवजी शक्य तिथे ‘क्लोरीनविरहित’ लिहा. ॲल्युमिनियम असलं की ऑक्साइडचा पांढराधोप धूर तसाही निघतोच.