वाचकांचे प्रश्न : देवीपुढचा नाच हे शिक्षण कसे?

प्रश्न : प्राचीन ग्रीसमध्ये मुलींना शाळेत घालत नसत, पण देवतांच्या उत्सवांत त्यांचे गाणे आणि नाच असे, असे वाचनात आले. याला शिक्षण म्हणणे ओढूनताणून नाही का?

उत्तर : ओढूनताणून वाटते, कारण शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटी-पुस्तक येते. ग्रीकांचा विचार वेगळा होता. प्लेटोने ‘नियम’ या संवादात, ज्याला वृंदनृत्याचे वळण लागलेले नाही तो अशिक्षित, असे स्पष्टच म्हटले आहे.

स्पार्टा या ग्रीक नगरराज्याचे उदाहरण घेऊ. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात तेथील अल्कमान या कवीने कुमारिकांच्या वृंदासाठी रचलेल्या एका गीताचा मोठा तुकडा १८५५ साली इजिप्तमधील सक्कारा येथे पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर, सापडला. त्याच्या आरंभी हिप्पोकून या स्पार्टाच्या पुराणकथेतील राजाच्या पुत्रांच्या नाशाची कथा आहे, मग देवांच्या कोपाचा इशारा आहे आणि त्यानंतर मुली आपल्याच वृंदातील आगिदो व वृंदनायिका हागेसिखोरा यांचे रूप वर्णू लागतात. एवढे गीत मुखोद्गत करून पावलांच्या तालावर सर्वांनी एकसुरात म्हणायचे, म्हणजे पुराणकथा, भाषा, धर्मभावना आणि चारचौघांत वावरण्याची रीत या गोष्टी एकाच तालमीत अंगी मुरत. घोकंपट्टीपेक्षा ही पद्धत मला तरी अधिक शहाणपणाची वाटते.

अथेन्सच्या मुलींचा पुरावा एका विनोदी नाटकात मिळावा, हे गमतीचे आहे. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘लिसिस्ट्राटा’ (इ.स.पू. ४११) या नाटकात स्त्रियांचा वृंद आपली सेवा सांगतो : सातव्या वर्षी नगरदेवी अथीनेची सेविका, दहाव्या वर्षी देवीसाठी दळण, मग अथेन्सजवळच्या ब्राउरोन येथे आर्टेमिस देवीपुढे केशरी वस्त्रातील ‘अस्वल’ (विधीत अस्वलाची भूमिका करणाऱ्या मुलींना हे नाव असे) आणि पुढे मिरवणुकीत टोपली वाहण्याचा मान. हा मान अर्थातच सर्व मुलींच्या वाट्याला येत नसे. अथीनेच्या सेविका तर मोठ्या घराण्यांतूनच निवडल्या जात. परंतु या स्त्रिया ही यादी कशासाठी सांगतात, ते महत्त्वाचे आहे. नगराने आम्हांला असे वैभवात वाढवले, म्हणून नगराला हिताचा सल्ला देणे हे आमचे कर्तव्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

त्याच नाटकाच्या अखेरच्या गीतात युरोटास नदीच्या काठी स्पार्टाच्या मुली शिंगरांसारख्या उड्या घेत नाचतात, आणि त्यांच्या वृंदाची नायिका असते लेडाची कन्या, म्हणजे जिच्यासाठी ट्रॉयचे युद्ध झाले ती साक्षात हेलन.